तिच्याच तोंडून ऐक

रस्त्यावर गाडी थांबली. आतल्या बाईनं काच खाली केली, शेताचा फोटो काढला, "अगं बाई, किती सुंदर!" म्हणाली आणि गेली. फाटकाशी उभ्या असलेल्या हेडली ट्रेम्बाथनं तिला मनातल्या मनात शिवी घातली. डॅफोडिलचं फूल तोडायचं ते मिटलेलं, हिरव्या कळीत. ते उमलायचं गिऱ्हाइकाच्या घरी. शेतातच पिवळं झालं की त्याला कुत्रं विचारत नाही. आणि ट्रेम्बाथांची खालची दोन्ही शेतं पिवळीधमक झाली होती.

राहिलं होतं वरचं शेत. तिथल्या कळ्या रविवारपर्यंत दम धरतील अशा होत्या. तेवढ्यात अठरा माणसं मिळाली तर ठीक, नाहीतर सोमवारी ट्रॅक्टर घालून कंद उपटायचे आणि फुलांचा धंदा कायमचा बंद, असं थोरल्या भावानं, डेन्झिलनं, जाहीर करून टाकलं होतं. कंद आजोबांनी लावलेले. हेडलीला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

"भोग आता," तो शेजारी उभ्या डेन्झिलला म्हणाला. "आपल्या देशानं युरोपातून बाहेर पडायचं म्हणून गावभर नाचत होतास ना?"

"तुझं आपलं एकच तुणतुणं," डेन्झिल म्हणाला. "गाय आटली, युरोप. छप्पर गळलं, युरोप. मधे तो रोग आला, सगळं जग बंद पडलं, ते नाही दिसलं? आणि यंदा थंडी कुठे पडली? फुलं तीन आठवडे आधी आली ती काय मी मत दिलं म्हणून? उलट हॉलंडचा माल महाग झालाय. आपल्या फुलांना कधी नव्हे तो भाव आहे."

"भाव चाटायचाय का? तोडणार कोण?"

"माणसं इथेही आहेत. नीट मजुरी द्यायची दानत नाही आपल्यात."

"दिली की! आठ जण आले. चिखल पाहिला, हाताला चीक लागून पुरळ उठलं. दुपारची मांस भरलेली पेस्टी खाऊन येतो म्हणून पाच जण गेले, ते अजून खातायत."

हे सहावं वर्ष. नाश्त्याला हेच, गोठ्यात हेच. आईच्या मयताला पाद्र्यानं दोघांना दोन टोकांना बसवलं होतं. दोघांच्याही खिशात वर्तमानपत्रांची कात्रणं असायची आणि ज्याच्या त्याच्या कात्रणांत त्याचंच खरं असायचं. खरं सांगायचं तर त्या सकाळी दोघांनाही रडू येत होतं. पण भांडता येत होतं, तोवर कोण रडतंय?

"थांब," हेडली म्हणाला. "आज सोक्षमोक्ष लावतो."

त्यानं स्टोयांकाला फोन लावला. स्टोयांका बल्गेरियातल्या एका खेड्यातली. चौदा हंगाम ती आपल्या गावची सतरा माणसं घेऊन ट्रेम्बाथांकडे तोडणीला येत होती. यंदा आलीच नाही. तिचे कागद सरकारनं अडवले असणार, याबद्दल हेडलीला तिळमात्र शंका नव्हती. त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि तो फाटकाच्या खांबावर ठेवला.

"आता तिच्याच तोंडून ऐक."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता. मग तिचा आवाज आला.

"स्टोयांका, शनिवारपर्यंत येशील का गं? विमानाचं मी बघतो."

"नाही, हेडली."

"ऐकलंस?" हेडली भावावर डाफरला. "कागद अडवले ना तुमचे? सांग याला."

"कागद आहेत. अठराही जणांचे आहेत. आधीपासून काम करणाऱ्यांना मिळालेत."

डेन्झिलनं खांबावर थाप मारली. "घे! मी काय म्हणत होतो? रोगाची भीती, होय ना स्टोयांका?"

"रोग कसला? माझ्या दोन्ही लशी झाल्यात."

"मग मजुरी कमी पडली?"

"मजुरी ठीक होती."

दोघांचीही कात्रणं संपली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"मग का गं?" हेडली खांबावरच्या फोनवर वाकला. "वरचं शेत जाईल. सोमवारी ट्रॅक्टर येतोय. तुला नसेल जमत तर बाकीच्यांना तरी पाठव."

"मी नाही तर ते नाहीत." तिनं कोंबड्यांना हाकललं. "मतदानाच्या आधी तू मला गावच्या सभेत नेलं होतंस. आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय!" हेडलीनं छाती काढली. "आख्ख्या गावात तुमच्या बाजूनं मी एकटा उभा राहिलो."

"हो. सगळ्यांसमोर माझा हात धरून वर केलास. म्हणालास, बघा, ही बाई म्हणजे पैसा वसूल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

"मग?"

"मला फार अभिमान होता रे त्याचा. इतकी वर्षं ते वाक्य पाठ होतं माझं. गेल्या उन्हाळ्यात मुलगी तुमच्या भाषेत पदवी घेऊन घरी आली. मी तिला म्हणून दाखवलं. माझा मालक भर सभेत माझ्याबद्दल असं बोलला, म्हटलं."

डेन्झिलनं टोपी काढून हातात घेतली. तो हेडलीकडे बघत नव्हता.

"काय म्हणाली ती?" हेडलीनं विचारलं.

"म्हणाली, आई, हे चपलांना म्हणतात."