साडूच्या पणजोबांचं प्रकरण

मेहुणीची लेक शरण्या इंग्रजी अमदानीतल्या जंगलांवर पुस्तक लिहीत होती. त्यात तिच्या वडिलांच्या, म्हणजे साडू राघोत्तमच्या, रेंजर पणजोबांवर ‘जंगल राखणारा माणूस’ असं अख्खं प्रकरण येणार, हे कळल्यापासून सुधींद्ररावांच्या घशाखाली साडूच्या घरचा दोसा उतरेना. त्यांचेही पणजोबा त्याच जंगलाच्या डोंगरावर होते की! पण गोऱ्या मळेवाल्याचे कारभारी म्हणून, झाडं पाडून कॉफी लावणारे. त्यांच्या वाट्याला एकच ओळ, तीही वाईट.

२००४चा सगळा मे महिना सुधींद्रराव चेन्नईत एग्मोरच्या सरकारी दप्तरखान्यात धूळ गिळत बसले आणि रेंजरचा अहवाल हाती लागताच झेरॉक्स घेऊन थेट अड्यारला, साडूच्या दारात उभे राहिले.

“शरण्या, वाच गं मोठ्यानं! ‘साग तीस वर्षं तोडू नये, म्हणजे रेल्वेला रुळांखाली घालायला जाड स्लीपर मिळतील.’ हा म्हणे राखणारा!”

राघोत्तम पेपरामागे दडले. शरण्यानं पान उलटलं आणि तिचा चेहरा उतरला.

“अय्यो काका, इथं तर दोघाही पणजोबांच्या सह्या आहेत. डोंगरावरच्या माणसांच्या बावीस वस्त्या यांनी मिळून उठवल्या. काही सागासाठी, बाकीच्या कॉफीसाठी. आता प्रकरण दोघांवर लिहावं लागणार.”

मग सुधींद्ररावांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“बाविसांतल्या आमच्या कॉफीच्या किती?”