खिळ्यांची भोकं

चिलीतल्या वालपराइसो शहराच्या टेकडीवर तीस वर्षं गणवेश शिवून एदुविनाने भाड्याने द्यायला छोटं घर घेतलं. पहिला विचारायला आला नासारिओ: बेकरीत कामाला, पदरी चार पोरं. भिंतींचं वाटोळं होईल, म्हणून तिला तो नकोच होता. सात घरं भाड्याने दिलेला शेजारी एलेउतेरिओ म्हणाला, “आधी तो आत्ता राहतो ते घर बघून ये. न सांगता जा.” ती गेली. सामान पायऱ्यांवर काढलेलं, त्यावर पोरं बसलेली. “मालकाला घर पुतण्याला द्यायचंय,” थोरल्याने सांगितलं. आत नासारिओ रिकाम्या भिंतीतली खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवत होता. “अरे, मालकाने पुतण्यासाठी तुला बाहेर काढलं ना? मग त्याच्या भिंती कशाला लिंपतोस?” एदुविनाने विचारलं. त्याने हात पुसले. “भांडण मालकाशी, बाई. भिंतींनी आम्हाला सहा हिवाळे सांभाळलं.” एदुविना पायऱ्यांवर आली. “पोरांनो, एकेक गाठोडं उचला,” ती म्हणाली. “माझं घर चढावर आहे.”