सुईणीची तारीख, सुनेची तारीख

जावेकडे बाळंतपणाआधी सासूबाईंनी महिनाभर तळ ठोकला होता. म्हणून सुईणीनं दिलेली तारीख यिल्केनं दहा दिवस पुढे ढकलून सांगितली. नवऱ्याबरोबरचे शेवटचे निवांत दिवस तिला हवे होते. पण एका दुपारी सासूबाई कॉफीला आल्या, माडीवर डोकावल्या आणि थबकल्या. पलंगाचे पाय बिअरच्या क्रेटांवर! आमच्या हॉलंडात घरच्या बाळंतपणाला सुईणीची कंबर वाचवायला पलंग उंच करतात, तेही दिवस भरत आल्यावरच. “सूनबाई, मला बनवतेस? अशाच पलंगावर माझी तीन पोरं जन्मलीत!” संध्याकाळी त्या बॅगेसकट हजर. रोज वाटाण्याचं सूप, रोज “कळा येताहेत का गं?” सुईणीची तारीख आली, गेली. बाळ अवतरलं ते यिल्केनं ठोकून दिलेल्या तारखेला. नातीला घेताना सासूबाई गहिवरल्या. “तू खरं सांगत होतीस, मीच मेली संशयी!” यिल्केनं मोठ्या मनानं माफ केलं.