हात जोडणारं स्टिकर

संवत्सरीला जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो. तळोद्याचे माणकचंदशेठही मागत, फक्त विसरवाडीच्या धाकट्या भावाला सोडून. यंदा नातीनं, प्रियलनं, एआयकडून त्यांचं स्टिकर बनवून घेतलं आणि तो भाऊही असलेल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यात आजोबा हात जोडून वाकत होते, थांबतच नव्हते, आणि खाली लिहिलेलं, 'मिच्छामि दुक्कडम्'. संध्याकाळी शेठ तिच्यावर डाफरतच होते, तेवढ्यात भाऊ दुकानाची पायरी चढला.

"ते मी नही," शेठ गुरकावले. "मशीननी बनाडेल शे."

"माले माहीत शे," भाऊ म्हणाला. "एक हातले सहा बोटं शेतस."

"मंग उना कसाले?"

भावानं हात जोडले.

"मन्हं स्टिकर बनाडनारं घरमा कोनीच नही."