चवीपुरतं

डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. नेहमीचं मीठ बंद करा. कमी सोडियमचं आणा, आणि तेही बेतानं घाला."

तिनं त्याच दिवशी मीठ बदललं, आणि त्याच रात्रीपासून तिच्या अंगावर वळ उठायला लागले. "नवऱ्याला अळणी खाऊ घालतेस?" म्हणत तो हाताला येईल त्यानं मारायचा. कधी पट्टा, कधी तापलेला तवा. तरी ती हट्टानं तेच मीठ वापरायची. "तुमच्या जिवासाठीच करतेय हो," एवढंच म्हणायची.

आज त्यानं केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. सोडवायला धावलेल्या सासूबाईंच्या तोंडावरही ठोसा बसला. दार आपटून तो बाहेर पडला, तेव्हा दोघी फरशीवर बसून एकमेकींचं रक्त पुसत होत्या.

मग सासूबाई उठल्या. कपाटात मागे सारलेली नेहमीच्या मिठाची बरणी त्यांनी सुनेपुढे ठेवली.

"नको आई, त्यांच्या जिवाला धोका आहे."



"घाल त्याला हवं तेवढं. याच्या बापालाही मी हवं तेवढं घातलं, तेव्हा कुठे माझा मार थांबला."