शेळी चरत होती

शेळीने डोक्याने फाटक ढकललं आणि ती आत आली. टेलर समोरच खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे. दोघांनाही एकमेकांबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

तिला हुसकावायला हवं, हे टेलरना कळत होतं. काठी हाताशीच भिंतीला टेकलेली होती. पण हल्ली कळलेलं हातापायांपर्यंत पोचतच नसे. शेळीने जरा वाट पाहिली. हा माणूस काही उठत नाही म्हटल्यावर ती घेवड्याच्या मांडवाखाली शिरली.

डॉक्टरांनी टेलरना बाग लिहून दिली होती. सकाळ-संध्याकाळ, गोळ्यांच्या जोडीला. "बागेत बसा, फुलं बघा, पाखरं ऐका, मजा घ्या," असं ते म्हणाले होते. टेलर पडले आज्ञाधारक. कपडे वेळेवर देण्यात त्यांनी कधी कुणाला हेलपाटा घालायला लावला नव्हता, आता बागेत बसण्यातही खाडा करत नसत. दुकानाला कुलूप लागलं, शिलाई मशीनवर चादर पडली, तेव्हा बायकोने पदर खोचला आणि घरामागचे दगडगोटे उपसून ही बाग उभी केली होती. एकेक वाफा तिने त्यांच्या खुर्चीतून दिसेल असा आखला. मांडव वेलांनी भरून गेला, काकडीला फुलं आली, मधमाश्यांनी घर डोक्यावर घेतलं. एकदा फुलपाखरू येऊन टेलरांच्या गुडघ्यावर बसलं. बसलं आणि गेलं. त्यांच्या अंगी काहीच लागत नव्हतं.

रोज दिवेलागणीला बायको विचारायची, "आज काय पाहिलंत?"

"काही नाही."

"अहो, एवढी फुलं आलीत!"

"हो, आलीत."

मग ती आत जाऊन भांडी जरा जास्तच आपटायची. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, मजा आहे बुवा तुमची!" टेलर म्हणायचे, "असेल."

आज बाजाराला निघताना मात्र बायको पायरीवर थांबली. "मी या घरात कुणाशी बोलायचं हो?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. ती घाबरली आहे, आपला नवरा हातचा गेला असं तिला वाटतंय, हे टेलरना स्पष्ट दिसलं. पण तेही त्यांनी समोरचं झाड पाहावं तसं नुसतंच पाहिलं. ती निघून गेली, आणि त्यानंतर ही शेळी आली.

शेळी कामाला लागली. टेलर बघत राहिले. मधे कधीतरी ते खुर्चीची पाठ सोडून कडेवर सरकून बसले होते, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

बायको परत आली तेव्हा निम्मी बाग शेळीच्या पोटात गेली होती. तिच्या हातातली पिशवी सुटली, कांदे पायवाटेवरून गडगडत गेले.

"अहो! डोळे फुटले का तुमचे? समोर बसून..."

"बघत होतो."

"काय बघत होतात? खणून खणून पाठीचा काटा ढिला झाला माझ्या! कुणासाठी केलं हे सगळं?" तिचा आवाज फुटला. डोळे पुसायलाही ती थांबली नाही, भिंतीची काठी उचलून शेळीकडे निघाली.

"घेवडा आधी खाल्ला तिने," टेलर म्हणाले.

बायको वळली.

"खालून वर. खडूची रेघ मारून कापड कापावं ना, तसा. रेघ सोडून एक पान नाही तोडलं. टोमॅटोला तोंडच नाही लावलं, नुसतं हुंगलं आणि शिंकली. आणि काकडीच्या वेलाचं कोवळं टोक आलं, तर काय करावं तिने? डोळे मिटले. शप्पथ सांगतो. डोळे मिटून चावत होती."

बोलून टेलरना धाप लागली. इतकं सलग बोलायची त्यांना सवय राहिली नव्हती. बायको काठी हातात धरून उभीच होती.

तेवढ्यात शेळी कोपऱ्यातल्या गुलाबापाशी पोचली. हा गुलाब म्हणजे बायकोचा जीव की प्राण. त्याचं फूल ती पोटच्या मुलीलाही तोडू देत नसे. भानावर येऊन ती तिकडे धावली.

"अगं थांब!" टेलर खुर्चीतून अर्धे उठले होते. "काटे कसे चुकवते ते बघू दे."

बायको थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा शेळीकडे पाहिलं. शेळीने मान ताणली, पुढचे पाय कुंपणाच्या दगडावर ठेवले, तरी वरचा कोवळा शेंडा काही तिच्या तोंडाला येईना.

बायकोने काठी बाजूला टाकली. उघड्या हाताने गुलाबाची फांदी धरली आणि शेळीच्या तोंडापर्यंत खाली वाकवली.

"तिथून दिसतंय का नीट?" तिने विचारलं. "की खुर्ची पुढे आणू?"