चाचणीच्या बारा रायफली

स्वित्झर्लंडमधल्या थून गावच्या उर्स त्सबिंडेनला एकच नाद होता: लष्कराने चाचणीपुरत्या बनवून मग नाकारलेल्या रायफली. त्यातली एक त्याच्या कपाटात होती. तशा एकूण बाराच झाल्या असाव्यात, असा त्याचा अंदाज. बाराच्या पुढचा क्रमांक कुणी पाहिलाच नव्हता.

रविवारी दुपारी त्याचा दोस्त रुएडी आला. जर्दाळूचा केक बाजूला सारून त्याने टेबलावर एक रायफल ठेवली. तिच्यावर क्रमांक होता तेरा.

"बोला आता, पंडित," रुएडी म्हणाला. "काल फोनवर 'फार तर तेरा' म्हणालास ना? लगेच माझ्याच तळघरात सापडली."

बाराचा अंदाज चुकला तरी उर्स खुशीत होता. त्याने आकड्यावरून बोट फिरवलं. लोखंड गरम होतं.

"उन्हात ठेवली होतीस का?"

"छे, डिकीत होती."

"असो. मग चौदा धरू," म्हणत उर्सने आपली रायफल काढायला कपाट उघडलं.

तिच्या शेजारी आणखी एक उभी होती. तेल ताजं, नळी हाताला चटका बसेल इतकी गरम. क्रमांक चौदा.

"लबाडा, लपवून ठेवली होतीस होय?" रुएडी खो खो हसला.

उर्सने दार लावलं आणि त्याला पाठ टेकवली. "आता तोंडातून आकडा काढू नकोस," तो हळूच म्हणाला.

स्वयंपाकघरातून त्याची बायको केटी हसली. "कसला वाद घालताय? दोनशे झाल्या म्हणा आणि कॉफी घ्या."

उर्सच्या पाठीला दार ऊबदार लागलं. मग ते हळूहळू बाहेर फुगू लागलं.